‘खिलाडूवृत्ती’च्या नावाखाली चाललेली सरंजामशाही

नवे शैक्षणिक सत्र उघडले की देशातील प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थ्याकडून आणि त्याच्या पालकांकडून एक प्रतिज्ञापत्र भरून घेतले जाते. मी रॅगिंग करणार नाही, रॅगिंगला साथ देणार नाही, असा त्याचा आशय. भिलाई असो, दुर्ग असो, नागपूर असो की कोल्हापूर असो, कागद तोच. त्याच सुमारास क्रीडा विभागाच्या फलकावर संघनिवडीच्या चाचण्यांची सूचना लागते आणि प्रतिज्ञापत्रावर सही करून आलेला तोच अठरा वर्षांचा मुलगा मैदानावर उतरतो. खेळ चांगला असेल तर निवडलाही जातो. परंतु संघाच्या यादीत नाव येणे आणि संघात ‘घेतले जाणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला वसतिगृहातील पहिल्याच रात्री समजून चुकते. यादी क्रीडा संचालकांच्या सहीने लागते; संघात घेण्याचा अधिकार मात्र ज्येष्ठ खेळाडूंनी आपल्याकडे ठेवलेला असतो.

हा अधिकार कसा बजावला जातो, हे वसतिगृहात राहिलेल्या कोणाही वाचकाला सांगावयास नको. ज्येष्ठांच्या किटबॅगा वाहणे, त्यांचे घामट कपडे धुणे, स्पर्धेला जाताना आपला बर्थ सोडून दाराशी बसून रात्र काढणे, ही झाली सौम्य कलमे. यापुढची कलमे रात्री दिवे मालवल्यावर सुरू होतात. उघडे करून उभे करणे, अश्लील हावभाव करावयास लावणे, न पिणाऱ्याला दारू पाजणे, पट्ट्याने मारणे, आणि हे सर्व चालू असताना ‘रडतोस काय बाईसारखा? बांगड्या भर!’ असे बजावत राहणे. मुलाने तोंड वाकडे केले तर त्याला एकच उपदेश केला जातो: खिलाडूवृत्तीने घे!

मराठीतील एका चांगल्या शब्दाची याहून मोठी विटंबना क्वचितच झाली असेल. प्रतिस्पर्ध्याचा विजय मोकळ्या मनाने मान्य करणे, पंचाचा निर्णय स्वीकारणे, हा या शब्दाचा अर्थ. आपल्याच संघातील बलदंडांनी केलेला अपमान मुकाट गिळणे हा त्याचा अर्थ कधीपासून झाला?

या प्रथेचे समर्थक तिला ‘थोडीशी गंमत’ म्हणतात. ही गंमत कोठवर जाते ते गेल्या तीन दशकांनी दाखवून दिले आहे. १९९६ मध्ये तामिळनाडूत अण्णामलै विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातील एका प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याचा ज्येष्ठ विद्यार्थ्याने खून केला, तेव्हा कोठे त्या राज्यात कायदा झाला. महाराष्ट्राने १९९९ मध्ये व छत्तीसगढने, राज्य स्थापन होताच, २००१ मध्ये आपापले कायदे केले. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील कांगडा जिल्ह्यात वैद्यकीय शाखेचा एक विद्यार्थी ज्येष्ठांच्या मारहाणीने मरण पावला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने नियमावली जारी केली. ऑगस्ट २०२३ मध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील सतरा वर्षांचा मुलगा वसतिगृहाच्या गॅलरीतून खाली पडून मरण पावला. त्याला विवस्त्र केले गेले होते आणि तो ‘पुरुष’ आहे की नाही यावरून त्याचा छळ झाला होता, अशी माहिती वृत्तपत्रांतून पुढे आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये केरळातील कोट्टायमच्या शासकीय परिचर्या महाविद्यालयातील पाच ज्येष्ठ विद्यार्थ्यांना अटक झाली. त्यांच्यावरील आरोपांत कनिष्ठांच्या गुप्तांगावर व्यायामाचे डंबेल टांगल्याचा आरोप आहे. परिचर्या हा रुग्णसेवेचा अभ्यासक्रम, आणि छळाचे साधन कोणते, तर शरीर कमावण्याचे!

तेव्हा कायद्याचा तुटवडा आहे असे म्हणता येणार नाही. २००९ ची नियमावली वाचून पाहावी. तिच्या कक्षेत वर्ग आणि वसतिगृहाबरोबर क्रीडांगणे स्पष्टपणे येतात, आणि विद्यार्थ्यांच्या प्रवासाची साधनेही येतात. म्हणजे दुर्ग स्थानकावर आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी गाडीत चढलेला संघ रात्रीच्या डब्यातही याच नियमांखाली असतो. दोषी विद्यार्थ्याला कोणत्याही स्पर्धेत संस्थेचे प्रतिनिधित्व करण्यास मनाई करावी, अशीही शिक्षा तीत आहे. २०१६ मध्ये जात, धर्म, वर्ण, लिंग, प्रादेशिक मूळ इत्यादींवरून केलेला छळही व्याख्येत घालण्यात आला. कागदावर याहून अधिक काय हवे? तरीही संघाच्या खोलीत हा कायदा पोचत नाही. कर्णधाराविरुद्ध तक्रार करणारा खेळाडू दुसऱ्या दिवशी कोणाच्या भरवशावर मैदानात उतरणार, याचे उत्तर नियमावलीत नाही.

संघातील जागेची किंमत

बुर्झ्वा वृत्तपत्रे हा प्रश्न ‘विकृत मनोवृत्ती’च्या खात्यात टाकून मोकळी होतात. विकृती असेलही. परंतु एकच विकृती वर्षानुवर्षे त्याच खोल्यांत, त्याच क्रमाने उगवत असेल तर तिची मुळे खोलीच्या रचनेत शोधावी लागतील.

विद्यापीठाच्या संघातील जागा म्हणजे केवळ एक सदरा आणि एक क्रमांक नव्हे. रेल्वे, केंद्र शासनाची खाती, पोलीस दले, सार्वजनिक उद्योग यांत गुणवान खेळाडूंच्या भरतीची तरतूद आहे. आणि केंद्राच्या नियमांनुसार आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केलेला खेळाडू या भरतीस पात्र ठरू शकतो. मजुराच्या, शेतकऱ्याच्या, लहान नोकरदाराच्या मुलाला हे प्रमाणपत्र म्हणजे पक्क्या नोकरीच्या दाराची किल्ली वाटते, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

भिलाईइतके हे दुसऱ्या कोणाला समजेल? २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघराज्याशी झालेल्या कराराने येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली. त्या कारखान्याने वसाहती, शाळा, रुग्णालये यांबरोबर मैदाने आणि क्रीडागृहेही बांधली. छत्तीसगढी खेड्यांतून आलेला शेतमजूर, भंडारा-गोंदिया-नागपूरकडून आलेली मराठी कुटुंबे, आंध्र, केरळ, पंजाब, बंगालचे कामगार यांची मुले त्या मैदानांवर एकत्र खेळली. चांगला खेळणाऱ्याला कारखान्यात नोकरी मिळे आणि नोकरी करून तो खेळत राही. खेळाडूच्या पोटापाण्याची चिंता सार्वजनिक उद्योगाने वाहावी, ही कल्पना या शहरात एके काळी रोजच्या व्यवहाराचा भाग होती.

१९९१ नंतरच्या आर्थिक धोरणांनी ही व्यवस्था पोखरली. उत्पादन वाढत गेले तरी कायम कामगारांची संख्या पूर्वीच्या निम्म्याहूनही खाली आली, आणि त्यांची कामे ठेकेदारांच्या मजुरांनी अत्यल्प वेतनावर करावयाची अशी रीत पडली. इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी अनेक वर्षे भिलाईत राहून कामगारांच्या जीवनाचा अभ्यास केला. कायम कामगाराची ‘नोकरी’ आणि ठेका मजुराचे ‘काम’ यांमध्ये किती रुंद दरी पडली आहे, हे त्यांनी तपशिलाने दाखविले आहे. ही दरी ओलांडण्याचे जे थोडे पूल उरले आहेत त्यांतील एक म्हणजे अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेची शिकवणी, आणि ती परवडत नसेल त्याच्यासाठी खेळ.

आता या संघाची निवड कशी होते ते पाहावे. चाचणीचे गुण बहुधा कोठेही प्रसिद्ध होत नाहीत. पंधरा-वीस मुलांतून अंतिम यादी करताना प्रशिक्षक कर्णधाराला विचारतो, कर्णधार आपल्या खोलीतील मित्रांना. ‘मुलगा चांगला आहे, पण मिसळत नाही’ एवढे एक वाक्य एखाद्याचे वर्ष बुडविण्यास पुरते. ‘मिसळणे’ म्हणजे काय, हे रात्री ठरलेले असते. क्रीडा विभागाला हे सर्व ठाऊक असते. परंतु दोन-तीन ज्येष्ठ खेळाडूंनी संघ परस्पर ‘सांभाळला’ तर विभागाचा वेळ आणि पैसा वाचतो. वसतिगृहात अधीक्षक नेमावयास नको, दौऱ्यावर जास्तीचा शिक्षक पाठवावयास नको. प्रशासनाच्या काटकसरीची ही किंमत कनिष्ठ खेळाडू आपल्या अंगावर मोजतो. सोसलेल्याची वसुली पुढच्या वर्षी नव्या मुलाकडून करता येईल, एवढेच आश्वासन त्याला मिळते. ज्याला आज लुटले त्यालाच उद्याच्या लुटीत भागीदार करून घेणारी ही व्यवस्था आहे. म्हणूनच तिच्याविरुद्ध साक्षीदार मिळत नाही.

ही परंपरा कोणाची?

‘आमच्या काळापासून चालत आले आहे’ असे माजी खेळाडू मोठ्या अभिमानाने सांगतात. किती जुना हा काळ? इंग्लंडच्या पब्लिक स्कूलांत खालच्या वर्गातील मुलाने वरच्या वर्गातील मुलाचा गडी म्हणून राबावयाची रूढ पद्धत होती: त्याचे बूट पुसावयाचे, चहा करावयाचा, चुकल्यास मार खावयाचा. याच शाळांनी एकोणिसाव्या शतकात सांघिक खेळांना चारित्र्यघडणीचे साधन म्हणून डोक्यावर घेतले. वसाहतींवर हुकूमत गाजविण्यासाठी जो गोरा अधिकारी हवा होता, त्याने आधी हुकूम झेलण्याची आणि मग हुकूम सोडण्याची तालीम घेतलेली असावी, हा त्यातील हिशेब. तेच नमुने इंग्रजांनी येथील संस्थानिकांच्या मुलांसाठी काढलेल्या विद्यालयांत आणले. राजकोट, अजमेर येथे अशी विद्यालये निघाली; भिलाईपासून जवळच रायपूरला राजकुमार कॉलेज १८९४ पासून उभे आहे. राजपुत्रांसाठी आखलेली ही शिस्त पुढे मध्यमवर्गाच्या महाविद्यालयांत झिरपली आणि आज ठेका मजुराचा मुलगा तिच्यापुढे मान खाली घालून उभा आहे. साम्राज्य गेले, संस्थाने गेली, किटबॅग वाहणारा मात्र उरला!

आमच्या तालमींतही वस्ताद होते, पठ्ठे होते, आणि नव्या पठ्ठ्याला हौद्यातील माती खणावी लागे, हे खरे. तालमींचा उगाच गौरव करण्याचे कारण नाही. तेथेही जातीची उतरंड होती आणि स्त्रियांना तर उंबरठाही बंद होता. परंतु माती खणणे हे कुस्तीचेच काम आहे, त्याने खांदे भरतात. विवस्त्र उभे राहिल्याने कोणता डाव येतो? महाविद्यालयीन खेळाचा जो खरा वारसा महाराष्ट्रात आहे तो १९५२ चा आहे. खाशाबा जाधवांना हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाता यावे म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. वडीलधाऱ्याने कनिष्ठासाठी काय करावे, याचा तो दाखला होता. आजचे ज्येष्ठ खेळाडू कनिष्ठाच्या खिशातून दारूचे पैसे काढतात.

एक गोष्ट येथेच मोकळेपणाने नोंदविली पाहिजे. हा रोग भांडवलशाही देशांपुरताच आहे असे समजून स्वस्थ बसण्याची सोय आम्हा डाव्यांना नाही. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉल संघात नव्या खेळाडूंवर लैंगिक स्वरूपाचे अत्याचार होत असल्याच्या आरोपांनंतर जुलै २०२३ मध्ये प्रशिक्षकाला काढून टाकण्यात आले आणि डिसेंबर २०२४ मध्ये तेथे या विषयावर संघराज्याचा कायदा झाला, हे आम्ही सहज सांगू. पण ज्या देशाने भिलाईची भट्टी उभारून दिली त्या सोव्हिएत संघराज्याच्या सैन्यातही दुसऱ्या वर्षाचे शिपाई नव्या शिपायांना राबवीत, लुटीत आणि मारीत असत. रशियन भाषेत त्या प्रथेला जे नाव आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘आजोबांचे राज्य’ असा होतो. आपल्याकडे थोरल्या भावाच्या नावाने ‘दादागिरी’ म्हणतात, तेथे आजोबांच्या नावाने! कारखाने राष्ट्राच्या मालकीचे झाले म्हणून बराकीतील रात्र आपोआप बदलली नाही. ‘आधी व्यवस्था बदलू, मग हे प्रश्न सुटतील’ असे सांगून विद्यार्थी कार्यकर्त्यांची समजूत घालणाऱ्यांनी याचा विचार करावा.

दल्ली-राजहराचा धडा

पुरुषाचा स्वभावच असा आक्रमक असतो, त्याला काय करणार, असा शेवटचा युक्तिवाद उरतो. याचे उत्तर शोधण्यासाठी भिलाईकरांना फार दूर जावयास नको. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणींत १९७७ मध्ये ठेका मजुरांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र संघटना उभारली. त्याच वर्षी जूनमध्ये पोलिसांच्या गोळीबारात अकरा जणांचे बळी गेले. त्यांत एक स्त्री कामगार आणि एक लहान मुलगाही होता. लढा तरीही मोडला नाही. मजुरी कित्येक पटींनी वाढली, आणि वाढलेली मजुरी दारूच्या गुत्त्यांत जाऊ लागली.

आता खाणमजुराची दारू ही काही निव्वळ चैन नव्हती. दिवसभर घण मारणाऱ्याने रात्री पिणे ही त्याच्या पुरुषपणाची निशाणी समजली जाई. न पिणारा तो कसला गडी! पाजणारा मित्र, नाकारणारा भेकड. संघाच्या खोलीतील रात्रीशी याचे साम्य वाचकांच्या ध्यानात आले असेलच. संघटनेपुढे हा प्रश्न आणला तो स्त्रियांनी. हाताने खणल्या जाणाऱ्या त्या खाणींत स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने राबत होत्या, संघटनेच्या सभासद होत्या, गोळीबाराला सामोऱ्या गेल्या होत्या. त्यांच्या हातांत बांगड्या होत्या आणि डोक्यावर खनिजाच्या पाट्या. मोहल्ल्यामोहल्ल्यांत बैठका झाल्या. पिणाऱ्याला आपल्याच सोबत्यांपुढे जाब द्यावा लागला, दंड भरावा लागला. हजारो मजुरांनी दारू सोडली. ठेकेदार आणि दारूवाले चवताळले. याच कामगारांनी १९८३ मध्ये आपल्या वर्गणीतून आणि श्रमदानातून शहीद रुग्णालय उभे केले. नियोगींच्या राजकारणाशी आमचे मतभेद होते आणि आहेत. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईत झोपेत त्यांचा खून झाला, तेव्हा त्या मतभेदांपलीकडे जाऊन देशभरातील कामगारांनी शोक केला. परंतु या लेखाच्या संदर्भात महत्त्वाचे हे की त्या खाणींत मर्दपणाची व्याख्याच बदलली. जो पगार घरी आणतो, सोबत्याच्या आजारात रात्र जागवितो, बायकोवर हात टाकत नाही, तो खरा गडी, असे मजूर आपसांत म्हणू लागले. हा बदल पोलिसांच्या छाप्यांनी किंवा साधूंच्या प्रवचनांनी घडविलेला नव्हता. ज्या संघटनेवर मजुरांचा विश्वास होता तिने तो घडविला, आणि बायकांचा आवाज तीत दबला नाही म्हणून घडविला.

खेळाच्या जगातही हवा बदलत असल्याच्या खुणा आहेत. २०२३ मध्ये जंतरमंतरवर महिला कुस्तीगीर लैंगिक छळाविरुद्ध धरणे धरून बसल्या, तेव्हा बजरंग पुनिया हा ऑलिंपिक पदकविजेता मल्ल त्यांच्या शेजारी बसून राहिला आणि डिसेंबरमध्ये त्याने आपली पद्मश्री दिल्लीच्या पदपथावर ठेवून दिली. कुस्तीच्या आखाड्यात वाढलेल्या पुरुषाने असे करणे एका पिढीपूर्वी कल्पनेत आले नसते. त्याला ‘बाईमाणसांच्या मागे लागलेला’ म्हणून हिणविणारेही पुष्कळ निघाले. खुद्द दुर्ग-भिलाईचा विचार केला तर येथील मैदानांना देशात नाव मिळवून दिले ते मुख्यतः मुलींनी. दुर्गच्या गरीब वस्तीतून आलेली सबा अंजुम भारतीय महिला हॉकी संघाची कर्णधार झाली. प्रशिक्षक राजेश पटेल यांच्या हाताखाली भिलाईत घडलेल्या बास्केटबॉलपटू मुलींनी राष्ट्रीय स्पर्धांत पदके जिंकली आणि त्यांपैकी कितीतरी जणींना रेल्वेत नोकऱ्या मिळाल्या. ‘बाईसारखा खेळतोस’ ही शिवी भिलाईच्या मैदानावर द्यावयाची म्हणजे देणाऱ्याला आपल्या गावाची माहिती नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते.

मात्र छळ हा केवळ पुरुषांचा मामला आहे, असा सोपा निष्कर्ष कोणी काढू नये. मे २०१५ मध्ये केरळातील आलप्पुळा येथे क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रातील चार मुलींनी विषारी फळ खाल्ले व एक दगावली. ज्येष्ठांच्या छळाचा आरोप त्याही वेळी झाला. मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात आदिवासी समाजातील एका तरुण डॉक्टर स्त्रीने आत्महत्या केली. जातीवरून छळ केल्याचा आरोप तिच्या तीन ज्येष्ठ सहकारी स्त्रियांवर आहे. उतरंड असेल तेथे छळाला वाट मिळते. पुरुषांच्या संघात त्या उतरंडीला मर्दपणाचे तोरण बांधलेले असते, त्यामुळे ती उघडकीस येणे अधिक अवघड होते. मार खाल्ल्याचे सांगणे हाच तेथे नामर्दपणा ठरतो. वर्षभर सोसणारा मुलगा आईला दूरध्वनीवर ‘सर्व ठीक आहे’ म्हणत राहतो.

शिवाय बाजारानेही पुरुषत्वाचा नवा माल काढला आहे. दंड फुगविणाऱ्या भुकट्या, व्यायामशाळांचे हप्ते, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर ‘बलवानांनीच राज्य करावे’ असे शिकविणारे उपदेशक! जुन्या सरंजामी मर्दपणाची जागा हा नवा मर्दपणा घेत नाही. तो त्याच्याच खांद्यावर बसतो. पूर्वी खोलीत घडलेला अपमान खोलीत राहत असे, आता त्याचे चित्रीकरण होते आणि ते प्रसारित करण्याची धमकी वर्षभर पुरते. रस्त्यावर झुंडीने एकट्यादुकट्याला गाठून ‘धर्मरक्षण’ करणाऱ्या टोळ्यांना असेच तरुण लागतात. ज्याला अठराव्या वर्षी जमावात उभे राहून दुर्बळाची थट्टा पाहावयास शिकविले, तो पंचविसाव्या वर्षी काय करील?

आपल्या घरातले

फेब्रुवारी २०२४ मध्ये केरळच्या वायनाड जिल्ह्यातील पूकोडे येथे पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी मृतावस्थेत आढळला. कित्येक दिवस त्याला इतरांदेखत मारहाण झाली, त्याचा जणू खटलाच भरविण्यात आला, असे आरोप आहेत. आणि आरोपींमध्ये डाव्या विद्यार्थी संघटनेच्या स्थानिक शाखेचे पदाधिकारी होते. ‘हा विरोधकांचा अपप्रचार आहे’ अशी प्रतिक्रिया त्या वेळी आपल्या काही मित्रांनी दिली. विरोधकांनी या मृत्यूचे राजकारण केले यात शंका नाही. पण म्हणून वसतिगृहाच्या अंगणात मुलाला मारताना शेकडो डोळे पाहत होते आणि एकही तोंड उघडले नाही, ही गोष्ट खोटी ठरत नाही. ज्या संघटनेचा झेंडा हातात घेतला म्हणजे वसतिगृहावर हुकूमत चालते, अशी समजूत मुलांमध्ये पसरली असेल, ती संघटना संघाच्या खोलीतील कर्णधारापासून फारशी वेगळी राहत नाही. दल्ली-राजहरात दंड झाला तो बहुधा संघटनेच्याच सभासदांना झाला, हे विसरून चालणार नाही.

म्हणून विद्यार्थी चळवळीने हा विषय प्राचार्यांच्या समितीवर सोपवून मोकळे होऊ नये. नियमावलीतील समित्या, भरारी पथके, १८००-१८०-५५२२ हा दूरध्वनी क्रमांक, यांचा वापर अवश्य करावा; तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवून तक्रार करता येते, हे प्रत्येक नव्या खेळाडूला सांगावे. पण मागणी त्यापुढे गेली पाहिजे. निवडचाचणीचे गुण फलकावर लागावेत आणि यादी करताना कर्णधाराचा अभिप्राय घ्यावयाचा असल्यास तो लेखी असावा. संघाच्या वसतिगृहात राहण्याची सक्ती नसावी. प्रथम वर्षाच्या खेळाडूंनी आपल्यातून निवडलेला प्रतिनिधी क्रीडा समितीवर असावा. दौऱ्यावर जबाबदार शिक्षक असलाच पाहिजे आणि त्याचा प्रवासखर्च विद्यापीठाने द्यावा. ‘पैसा नाही’ ही सबब उद्घाटनांच्या मांडवांवर खर्च करणाऱ्यांच्या तोंडी शोभत नाही. महिला संघांच्या आणि पुरुष संघांच्या प्रशिक्षकांची, खेळाडूंची एकत्र बैठक दर सत्रात व्हावी. ही शेवटची मागणी पुष्कळांना हास्यास्पद वाटेल. दल्ली-राजहराच्या खाणींतही बायकांना बैठकीत बोलावयास दिले तेव्हा काही जण हसलेच होते.

तक्रार करणाऱ्या खेळाडूचे त्या वर्षीचे प्रतिनिधित्वाचे प्रमाणपत्र कोणत्याही कारणाने रोखले जाणार नाही, अशी लेखी हमी विद्यापीठाकडून घेतली पाहिजे. एवढी एक गोष्ट जरी पदरात पडली तरी कर्णधाराच्या हातातील अर्धी सत्ता जाईल. कामगार संघटनांनीही यात लक्ष घालावे. भट्टीवर आणि खाणीत राबणाऱ्यांचीच मुले या संघांत आहेत, आणि क्रीडा-भरतीच्या जागा पुन्हा वाढवाव्यात ही मागणी तर मूळ कामगारांचीच आहे. दुर्गचे हेमचंद यादव विद्यापीठ, भिलाईचे तांत्रिक विद्यापीठ, रायपूरचे रविशंकर शुक्ल विद्यापीठ यांच्या क्रीडा विभागांकडे ही मागणीपत्रे चाचण्यांची सूचना फलकावर लागण्यापूर्वी पोचली पाहिजेत.